अप्पांचा टीव्ही, आमचा मोबाईल

चार माणसं लहानपणी एकाच टीव्हीसमोर बसून मोठी झाली की त्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपोआप साचतात. आणि एकदा साचले की आतल्या आत राहतही नाहीत. आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी सुरू करतंच, "ए, परवा काय झालं माहितीय का..." आणि माझा चहा थंड होतो. परवा बायको वैतागून म्हणाली, "एवढं फोनवर बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढा की! निदान घरात आवाज तरी कमी होईल." म्हणून हा खटाटोप.

आधी माणसं सांगतो. निलंग्यात अप्पांचं बारदान्याचं दुकान होतं. म्हणजे रिकामी पोती, सुतळी, ताडपत्री असला माल. दुकानाच्या मागच्या खोलीत अप्पांनी एक रंगीत टीव्ही ठेवला होता आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेम. पिवळ्या कॅसेटवाला! शाळा सुटली की दप्तरासकट आम्ही तिथं हजर. अर्ध्या तासाची पाळी असायची. अप्पा पुढं गल्ल्यावर बसलेले. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. टीव्हीत कोण मेलं, कोण जगलं ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. अर्धा तास झाला की ते उठायचे, मागच्या खोलीत यायचे आणि बोर्डावरचा काळा खटका बंद करायचे. खट! टीव्ही काळाठिक्कर.

"अप्पा, पाच मिनिटं!" आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो.

"उद्या या," अप्पा म्हणायचे आणि परत गल्ल्यावर.

ती पाच मिनिटं आम्हाला कधी मिळाली नाहीत. आमचा सगळ्यात लाडका गेम म्हणजे जंगलातला बंदूकवाला. त्याचा शेवट आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नाही. दर वेळी शेवटच्या राक्षसापाशी पोचायचो आणि मागून चपलांचा आवाज यायचा!

पण माणूस सरळ. मध्येच लाईट गेली तर कुणाची किती मिनिटं राहिली ते त्यांच्या बरोबर ध्यानात असायचं आणि दुसऱ्या दिवशी न मागता मिळायची. यूसुफचा रोजा असला की घड्याळाआधीच सांगायचे, "ऊठ रे, घरी वाट बघत असतील. राहिलेलं उद्या खेळ." सुरेखाचे वडील एकदा तणतणत दुकानात आले होते. पोरगी पोरांच्यात बसून गेम खेळते म्हणजे काय! अप्पा शांतपणे म्हणाले, "दार उघडं हाय, मी समोर हाय. पोरगी लई हुशार हाय तुमची, येऊ द्या तिला." सुरेखा येत राहिली आणि आम्हा सगळ्यांना हरवत राहिली.

आता आमची वयं झाली. यूसुफ लातूरला एसी-फ्रीज दुरुस्त करतो. सुरेखा जळकोटकडं शाळेत शिक्षिका आहे. अप्पांचा मुलगा शिवकुमार, म्हणजे आमचा शिवू, निलंग्यात तेच दुकान चालवतो. आणि मी गजानन, नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी सांभाळतो. ग्रुपचं नाव ‘अर्धा तास’.

मागच्या वर्षी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. लातूरच्या दवाखान्यातून बरे होऊन घरी आले. बोलणं स्वच्छ, हात चांगले, फक्त उजवा पाय जरा ओढतो. डॉक्टरांनी शिवूला बजावलं होतं, "ह्यांना रोज उठवा, चालवा. पायात ताकद आहे. पण बसून राहिले तर मग बसूनच राहतील." आणि अप्पा उठायलाच तयार नाहीत! त्यांचा पलंग आता त्याच मागच्या खोलीत आहे. पलंगावरून शिवू धरून खुर्चीत बसवणार, खुर्चीतून धरून परत पलंगावर. बास.

"अप्पा, दारापर्यंत चला."

"कशाला?"

"अप्पा, दुकानात एक चक्कर मारा. गिऱ्हाईक विचारतंय तुम्हाला."

"कशाला?"

काठी आणली, वॉकर आणला, मालिशवाला आणला. सगळ्यांना एकच उत्तर. रोज संध्याकाळी आम्ही ग्रुपवर विचारायचो, "उठले का रे आज?" शिवूचं उत्तर यायचं, "न्हाई."

अशाच एका ‘न्हाई’नंतर यूसुफनं एक ॲप टाकलं. इम्युलेटर! म्हणजे आपला जुना व्हिडिओ गेम मोबाईलमध्ये जशाच्या तसा चालवणारं ॲप. खाली मेसेज, "लो भई, अपना जंगल वापस आ गया!"

शिवूनं विचारलं, "हे करून मिळणार काय बे?"

ह्या प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही. जे झालं ते सांगतो.

* * *

सुरुवात यूसुफपासून. एसीत गॅस भरायच्या आधी व्हॅक्यूम पंप लावावा लागतो आणि तो चालू असताना मिस्त्रीला नुसतं बसून राहावं लागतं. पूर्वी हा वेळ यूसुफ तंबाखू मळण्यात घालवायचा. आता बंदूकवाला आला.

लातूरच्या एका वकिलांच्या बंगल्यात काम झालं, एसी सुरू केला, पण ह्याचा गेम संपेना. उन्हाळा जबरदस्त, त्यात गेम खेळून फोन असा तापलेला की हातात धरवेना. यूसुफनं काय करावं? स्टुलावर चढला आणि फोन एसीच्या तोंडाशी धरला. थंड होऊ दे म्हणून!

तेवढ्यात वकील आत आले. "काय करताय मिस्त्री?"

"साहेब, कूलिंग चेक करून राहिलो," यूसुफ म्हणाला. दुसरं सुचणार काय?

वकील जाम खूश. आजवर एवढे मिस्त्री आले, मोबाईलवर कूलिंग मोजणारा हा पहिलाच! त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी मेव्हण्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात यूसुफला फोन, "ते मोबाईल लावून चेक करतात ते मिस्त्री तुम्हीच ना? आम्हाला तेच पाहिजेत!"

तेव्हापासून यूसुफ लातुरात प्रत्येक एसीसमोर गंभीर चेहऱ्यानं मोबाईल धरतो. मी विचारलं, "लेका, लाज वाटत न्हाई का?"

"काम तो मैं सच्चा करतूं ना?" तो म्हणाला. "ये तो बस गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी हाय!"

* * *

ज्यानं पिवळ्या कॅसेटी वापरल्यात त्याला फुंकर ठाऊक आहे. गेम चालला नाही की कॅसेट काढायची, खालच्या पट्टीत जोरात फुंकर मारायची, परत बसवायची. अप्पांच्या दुकानात सुरेखाची फुंकर सगळ्यात गुणकारी समजली जायची. दुसऱ्याची कॅसेट अडली तरी हाक तिलाच!

तर सुरेखा जळकोटहून एसटीनं उदगीरला निघाली होती. खिडकीची जागा, हातात मोबाईल, बंदूकवाला जोरात. अचानक गेम अडकला. शाळेत पोरं जिला चळाचळा कापतात त्या आमच्या मॅडमनी काय केलं? सवयीनं फोन उलटा केला आणि चार्जिंगच्या भोकात जोरात फुंकर मारली!

शेजारी एक म्हातारी बसली होती. ती टक लावून बघत होती. म्हणाली, "बाई, नजर लागली व्हय मोबाईलला?"

सुरेखा काय सांगणार? म्हणाली, "हाव, जराशी."

म्हातारीनं कमरेची पिशवी उघडली, आपला छोटा बटनांचा फोन काढला आणि सुरेखापुढं धरला. "मग माझ्याबी फोनवर मारा की एक. लेक चार दिस झाले बोलत न्हाई."

आता नाही कसं म्हणायचं! सुरेखानं मारली फुंकर. मनापासून मारली, असं ती सांगते.

उदगीर यायच्या आत म्हातारीचा फोन वाजला. लेकच होती! सगळी एसटी सुरेखाकडं बघायला लागली. उतरताना कंडक्टरनं हळूच विचारलं, "मॅडम, आमच्या तिकिटाच्या मशीनचं काय करता येतंय का बघा की!"

* * *

असल्या गोष्टी ऐकून शिवूला वाटलं, अप्पांना पण दाखवून बघू. दुपारचं जेवण झाल्यावर त्यानं फोनवर बंदूकवाला लावला आणि अप्पांच्या हातात दिला. त्याच्या बायकोच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला होता, त्यावर आम्ही तिघं बघत बसलेलो.

अप्पांनी चष्मा वर केला. फोन लांब धरला, जवळ धरला. "हे तेच हाय का? आपल्या दुकानातलं?"

"हाव अप्पा! तेच!"

"किती वेळ खेळता हे?"

शिवूला हुरूप आला. "कितीबी! आता टायमच न्हाई अप्पा. दिवसभर खेळा, कुणी उठवत न्हाई."

अप्पांनी फोन त्याच्या हातात परत दिला. म्हणाले, "मग कशाला?"

शिवूचा चेहराच उतरला. पण खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं की म्हाताऱ्याचं काहीतरीच. नंतर रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण माझंही तेच झालं होतं. फोनमध्ये गेम होता, हवा तेवढा वेळ होता, आणि मी दहा मिनिटांत कंटाळून दुसरंच काहीतरी बघत बसायचो.

* * *

ह्याच मुद्द्यावरून यूसुफ आणि शिवूची जुंपली. इम्युलेटरमध्ये ‘सेव्ह’ नावाची सोय असते. गेममध्ये कुठंही थांबा, सेव्ह करा, मेलात तर परत तिथूनच सुरू. शिवू प्रत्येक उडीच्या आधी सेव्ह करतो. उडी मारली, मेला, परत. उडी मारली, मेला, परत. अशानं त्याचा गेम मारुतीच्या शेपटीसारखा लांबतच जातो, संपत काही नाही.

"ये बेइमानी हाय!" यूसुफ म्हणाला. "मरायची भीतीच न्हाई, तर मजा कसली?"

"अरे, आयुष्यात न्हाई मिळत सेव्ह, निदान गेममध्ये तरी घेऊ दे!" शिवू तावातावानं बोलत होता. स्पीकर चालू होता आणि त्याची बायको महादेवी शेजारी भाकरी थापत होती. "आता बघ, परवा हिच्याशी भांडण झालं. तोंडातून एक शब्द वाकडा गेला. तिथं सेव्ह केलेलं असतं, तर मागं जाऊन नीट बोललो असतो का न्हाई?"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"तुम्ही काळजी नका करू," महादेवी म्हणाली. "मी सेव्ह केलंय सगळं. लग्नापासूनचं!"

त्यानंतर शिवूनं फोन ठेवला. आणि सुरेखानं ग्रुपवर निकाल दिला की एकट्यानं खेळताना कुणी काहीही करा, पण चौघं जमलो की सेव्ह बंद. मेलो तर मेलो!

* * *

मी माझं झाकून ठेवणार नाही. फोनवर खेळण्याची सगळ्यात मोठी गोची म्हणजे बटणं. काचेवर बटण नसतंच, बटणाचं चित्र असतं. अंगठा सरकला की बंदूकवाला खड्ड्यात. आणि दुसरी गोची म्हणजे फोन हा शेवटी फोन असतो. वाजतो!

कॉलेजला सुट्टी होती. मी घरी एकटा, शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलेलो. राक्षसाची ताकद संपत आलेली, माझा अंगठा मशीनसारखा चाललेला. त्याच वेळी कॉल आला आणि जिथं माझं गोळीचं बटण होतं तिथंच नेमकं फोन उचलायचं बटण उमटलं. अंगठा पडला, फोन उचलला गेला. मला पत्ताच नाही! मला वाटलं स्क्रीन अडकली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मर की लेका! मर एकदाचा!"

पलीकडं माझे सासरे होते. कंधारहून.

मग अतिशय सौम्य आवाजात ते म्हणाले, "मरायचं तर हायच जावईबापू. पण सोयाबीन तरी निघू द्या!"

मी माफी मागितली, कारण सांगितलं, गेम म्हणजे काय ते समजावलं. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर सोयाबीन निघालं, विकलं गेलं, शेतात हरभराही पेरून झाला. पण अजून त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य तेच असतं, "जिवंत हाय बरं का!"

* * *

आता नांदेडचा किस्सा. रविवारी सकाळी यूसुफ आणि सुरेखा माझ्याकडं आले होते. विषय अप्पांचाच. सुरेखा म्हणाली, "अप्पांना छोट्या काचेत गोडी वाटणार न्हाई. आपण मोठ्या टीव्हीवर लावून बघू. जसं होतं तसं." मला पटलं. आधी माझ्या टीव्हीवर तालीम करायची ठरली.

यूसुफनं माझा फोन घेतला. फोनचं चित्र विनावायरीचं टीव्हीवर पाठवता येतं म्हणे. फोनवर आजूबाजूच्या टीव्हींची नावं आली, ह्यानं एक दाबलं. फोन म्हणाला, जोडलं गेलं. माझा टीव्ही मात्र निळाच.

"लोड होतंय," यूसुफ म्हणाला आणि तोवर फोनवरच खेळायला लागला.

माझ्या भिंतीपलीकडं देशमुख काका राहतात. रिटायर झालेले, सज्जन माणूस. टीव्हीवर कसलाही प्रश्न आला की ते न वाचता ओके दाबतात. ओके दाबलं की प्रश्न जातो, असा त्यांचा अनुभव! आणि त्या दिवशी त्यांच्याकडं त्यांच्या मुलीला, पल्लवीला बघायला परभणीची मंडळी आली होती. समोर आवाज बंद करून कीर्तन लावलेलं. पाहुणे गप्प, काका गप्प, मुलगा तर खाली मान घालून फरशी मोजतोय. अशात टीव्हीवर प्रश्न आला, काकांनी ओके दाबलं, कीर्तनकार गेले आणि जंगल आलं!

बंदूकवाला धडाधड गोळ्या झाडत निघाला. काका रिमोट शोधतायत, काकू काकांकडं डोळे वटारतायत. तेवढ्यात तो फरशी मोजणारा मुलगा एकदम उठून उभा राहिला आणि ओरडला, "उडी मार! उडी मार!"

पल्लवी पोह्यांचा ट्रे घेऊन आत येत होती. तिनं एकदा टीव्हीकडं बघितलं. म्हणाली, "तिथं उडी न्हाई मारायची. आडवं पडायचं असतं."

मुलगा वळला. "तुम्ही खेळायचात?"

इकडं आम्हाला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. दारावर थाप पडली. बघतो तर देशमुख काका, घामाघूम.

"गजानन, आमच्या टीव्हीवर तुझं नाव आलंय. ते मारामारीचं तुमच्याकडून चाललंय का?"

मला सगळा उलगडा झाला. "सॉरी काका! आत्ता बंद करतो!"

"बंद कशाला करतोस!" काका कुजबुजले. "अजून थोडं चालव. पोरं बोलायला लागलीत!"

यूसुफ मान खाली घालून खेळत राहिला. असा मन लावून तो कधीच खेळला नसेल. पुढं पल्लवीच्या लग्नात काकांनी आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं आणि नवरदेवानं खास येऊन यूसुफला मिठी मारली. पण ह्या प्रकरणातून एक धडा घेतला. त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन सरळ फोन टीव्हीला जोडायची वायर विकत घेतली. अप्पांचं चित्र भलत्याच घरात जायला नको!

* * *

पुढचा रविवार. दुपारी आम्ही तिघं निलंग्यात.

मागच्या खोलीत पाय ठेवला आणि मला क्षणभर दप्तर पाठीवर असल्यासारखं वाटलं. शहाबादी फरशी तीच, भिंतीवरचं घड्याळ तेच. नव्या पोत्यांचा तो वास तोच. टीव्ही तेवढा पातळ झालाय, पण बोर्ड जुना आणि बोर्डावर तो काळा खटका. अप्पा पलंगाशेजारी खुर्चीत बसलेले. किती वाळले होते. आम्ही पाया पडलो. "आलात व्हय," एवढंच म्हणाले.

"अप्पा, टीव्हीवर आपला गेम लावतो. बघता ना?" सुरेखानं विचारलं.

"लावा," अप्पा म्हणाले आणि नजर दुसरीकडं नेली.

यूसुफनं वायर जोडली. मोठ्या टीव्हीवर जंगल आलं, ते टिंगटिंग संगीत सुरू झालं. आम्ही चौघं खाली सतरंजीवर बसलो, अप्पांकडं पाठ करून, पूर्वी बसायचो तसेच. ठरल्याप्रमाणे सेव्ह बंद. पाळी लावली. मेलं की फोन पुढच्याच्या हातात.

पहिल्या वेळी मी धबधब्यावरच मेलो. शिवू सेव्ह नसल्यामुळं इतका घाबरला की उडीच मारेना! "मार की बे!" "मारतो, थांब!" "थांबून काय मुहूर्त काढायचाय का?" आवाज वाढत गेले. महादेवी चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तिथंच उभी राहिली. मी मधूनच मागं बघायचो. अप्पांची नजर टीव्हीवर नव्हती. कुठं होती तेही बघायला मला सवड नव्हती, कारण सुरेखाच्या हातात फोन आला होता आणि सुरेखा मरत नव्हती.

किल्ला पार झाला. बर्फ पार झाला. शेवटचं दार उघडलं आणि तो राक्षस समोर आला. तोच! इतक्या वर्षांनी! सुरेखानं वायरीसकट फोन यूसुफकडं सरकवला. "तू घे, माझ्यानं न्हाई होणार!"

यूसुफ गुडघ्यावर उभा राहिला. राक्षसाची ताकद कमी होत चालली. निम्मी. पाव. ज्याचा शेवट कधी पाहिला नाही, तो आता दिसणार होता.

मागं खुर्ची करकरली.

शिवूनं माझा दंड घट्ट धरला. मी मागं वळणार तेवढ्यात तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "बघू नको." त्याचे डोळे भरले होते. मी टीव्हीकडंच बघत बसलो. मागून पलंगाच्या दांडीला हात घातल्याचा आवाज आला. मग फरशीवर चप्पल घासल्याचा. एक पाय नीट पडत होता, दुसरा ओढत येत होता. महादेवीही धरायला धावली नाही, जागची हलली नाही. यूसुफचा अंगठा काचेवर चालूच होता. तो थांबला असता तर सगळंच थांबलं असतं, एवढं त्यालाही कळत होतं.

चपलांचा आवाज भिंतीशी येऊन थांबला.

खट!

टीव्ही काळाठिक्कर झाला. यूसुफच्या हातातल्या फोनवर बंदूकवाला अजून राक्षसासमोर उभा होता. आमच्यापैकी कुणी तिकडं बघितलं नाही. आम्ही चौघंही एकदम मागं वळलो आणि पूर्वीसारखेच, एका सुरात ओरडलो,

"अप्पा, पाच मिनिटं!"

अप्पा एक हात भिंतीला लावून बोर्डापाशी उभे होते. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"उद्या या," अप्पा म्हणाले.